हँडल लावलं म्हणून कॉम्प्युटर फिरायला नेतात का?

माळा आवरताना काकांची एक पेटी खाली आली. १९८९ साली अमेरिकेहून परतताना आणलेली. मला वाटलं शिवणयंत्र! निघाला कॉमोडोर एसएक्स-६४. म्हणजे टीव्हीला जोडायचा घरगुती कॉम्प्युटर कॉमोडोर ६४ तोच, पण सगळं एका पेटीत: ५ इंची रंगीत पडदा, फ्लॉपी ड्राइव्ह, आणि झाकण काढलं की तोच कीबोर्ड. वजन साडेदहा किलो. १९८४ मधली किंमत ९९५ डॉलर. साधा ६४ लाखांनी खपला, हा नाही; वजनामुळे, असं म्हणतात. घरचा कॉम्प्युटर बाहेर न्यावासा तुम्हाला कधी वाटला होता का? आठवणी लिहा, मतं नंतर.

न्यू जर्सी, तेव्हा विद्यार्थी:
आम्ही चौघं एका घरात, टीव्ही एक. माझा साधा ६४, दोनशे डॉलरच्या आसपास मिळालेला. रविवारी फुटबॉलची मॅच लागली की माझं दुकान बंद. एसएक्स दुकानात दोनदा बघून आलो होतो. फिरवायचा नव्हता हो, स्वतःचा पडदा हवा होता. मग हिशेब केला. वेगळा मॉनिटर आणि ड्राइव्ह घेऊनही पैसे उरत होते आणि डोळेही वाचत होते.

शिकागो:
माझ्याकडे होता, वापरलेला घेतला. महिन्यातून एकदा लायब्ररीत आम्ही हौशी लोक जमायचो. बाकीचे वायरींचं गुंतवळ सोडवत बसायचे, तोवर माझा सुरू. सगळी ऐट तेवढीच. पार्किंगपासून दारापर्यंत येईतो खांदा निखळायचा. कॅसेटची सोय काढून टाकलेली, त्यामुळे माझे जुने कॅसेटवरचे गेम घरीच. ४० अक्षरांची ओळ त्या पडद्यावर म्हणजे मुंग्यांची रांग. पांढऱ्यावर निळी अक्षरं, म्हणून निदान दिसायची तरी. आणि बॅटरी नाही! दर वेळी कुणीतरी विचारायचंच, “मग पोर्टेबल कसला?” मी हँडल दाखवायचो.

नागपूर, निवृत्त शिक्षक:
१९८४ ला शाळांसाठी सरकारचा क्लास प्रकल्प आला, त्यातले बीबीसी मायक्रो कॉम्प्युटर आमच्याकडे. मुलींच्या शाळेत प्रात्यक्षिक असलं की सायकलरिक्षा. मॉनिटर माझ्या मांडीवर, मशीन शिपायाच्या. खड्डा आला की दोघंही देवाचं नाव घ्यायचो. एका पेटीतलं काही मिळतंय हे कळलं असतं, तर मी मुख्याध्यापकांच्या मागे लागलो असतो. अर्थात लाइट गेली की काय? तेव्हाही फळ्यावरच प्रोग्राम लिहायचो.

सॅन होजे:
वजनाने गिऱ्हाईक पळालं, हे मला पटत नाही. १९८१ चा ‘ऑस्बॉर्न १’ हा असाच पेटीतला कॉम्प्युटर, अकरा किलोचा, पडदा ५ इंचीच, तोही एकरंगी, किंमत १७९५ डॉलर. तरी लोक घ्यायचे, कारण सोबत पत्रं लिहायला वर्डस्टार आणि हिशेबाला सुपरकॅल्क हे प्रोग्राम यायचे. १९८३ च्या कॉम्पॅक पोर्टेबलवर आयबीएमचे प्रोग्राम चालायचे. ऑफिसचं काम असलं की माणूस ओझंही उचलतो, आणि बिल ऑफिस भरतं. ६४ म्हणजे मुख्यतः गेम. गेम खेळायला साडेदहा किलो घेऊन कोण पाहुण्यांकडे जाणार?

डोंबिवली:
आमचे चिरंजीव.

बोस्टन:
माझा एक बातमीदार मित्र टीआरएस-८० मॉडेल १०० हा वहीएवढा कॉम्प्युटर वापरायचा, १९८३ चा. चार पेन्सिल सेल, आठ ओळींचा पडदा, मोडेम आतच. मांडीवर टाइप करायचा आणि फोनवरून बातमी धाडायचा. रंग नाही, ड्राइव्ह नाही, कुणाला दाखवून ऐट मारावी असं काही नाही. पण तो खरंच सोबत जायचा. कॉमोडोरवाल्यांनी घर उचललं, याने फक्त वही उचलली.

धागाकर्ता:
११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आणून काल लावला. पंखा नाही, आवाज नाही, आणि एकदम निळी अक्षरं! काकांना विचारलं, कुठे कुठे नेलात हो हा? म्हणाले, “दुकानातून घरी, आणि घरून विमानात.”

शिकागो:
विकणार असाल तर कळवा. मी जानेवारीत पुण्यात आहे.

धागाकर्ता:
ठाण्याला या. उचलायला दुसरा माणूस आणा.