निमूट, मुकाट, गुमान : नेमका शब्द कोणता?

खिडकीवाली : जुन्या नाशकात माझ्या आजोळचा वाडा आहे. शेजारी बांधकाम निघालंय, माजघराच्या खिडकीचा उजेड जाणार, म्हणून मामांनी वकील गाठला. वकिलांनी १८८२च्या सुविधाधिकार कायद्यातलं कलम १५ पुढे ठेवलं. हवा-उजेड २० वर्षं शांतपणे, अखंड घेतला असेल तर तो हक्क होतो. मध्ये कुणी अडथळा आणला तरी लगेच खंड पडला असं होत नाही. अडथळा आणि तो आणणारा माणूस माहीत असूनही तुम्ही वर्षभर ते चालू दिलंत, तरच खंड. या ‘चालू दिलंत’साठी इंग्रजीत दोन क्रियापदं आहेत, ‘सबमिटेड टू’ आणि ‘ॲक्विएस्ड इन’. मामांनी हुकूम सोडला, सोप्या मराठीत लिहून दे.

पहिल्याला ‘मान तुकवली’ लिहिलं. दुसऱ्यापाशी अडले. ‘मूकसंमती’वर मामा उखडले: संमती कुणी दिली? मनात नसताना गप्प राहिलो, त्याला संमती म्हणतात होय? मग ‘निमूटपणे सोसला’ केलं. आता आई म्हणते, निमूट म्हणजे नुसतं शांतपणे, त्यात नाइलाज नाही. ‘पोर निमूट जेवलं’ म्हणतो ना आपण. मला तर निमूट म्हटलं की गिळलेला आवंढाच दिसतो. कुणाचं बरोबर?

संस्कृतप्रेमी : मौनं संमतिलक्षणम्. शब्द तयार आहे: मौनानुमती. मामासाहेबांना सांगा, न्यायालय मनातलं बघत नाही.

शेवटचा बाक : द्यूतसभेत द्रौपदीला ओढत आणलं तेव्हा भीष्म गप्प होते. त्यांची अनुमती होती म्हणायची का?

संस्कृतप्रेमी : भीष्म गप्प नव्हते. धर्माची गती सूक्ष्म आहे, मला उत्तर देता येत नाही, असं बोलले ते. आधी महाभारत वाचा.

शेवटचा बाक : म्हणजे बोलूनही अनुमती देता येते. मग तुमच्या मौनाचं काय करायचं?

जुनी मास्तरीण : भीष्मांना बसू द्या. खिडकीवाली ताई, तुमचं आणि आईचं दोघींचंही बरोबर आहे. वाक्य कोण कुणाबद्दल बोलतंय ते बघा. ‘मी निमूट ऐकून घेतलं’ यात आवंढा आहे. ‘सून कशी निमूट आहे’ यात सासूचं कौतुक आहे, सुनेचा आवंढा सासूला दिसत नाही. शब्द एकच, बघणारा वेगळा. मुकाट्याचं तसं नाही. ‘मुकाट्यानं चल’ हे वरून खाली सांगायचं. वर्गात मी पोरांना हजारदा ‘मुकाट बसा’ म्हटलं असेल, ‘निमूट बसा’ एकदाही म्हटल्याचं आठवत नाही. मुकाट्यात छडी उगारलेली असते.

निफाडचा कांदा : आमच्याकडं निमूट कुणी म्हणत नाही ओ, ते पुस्तकातलं. आम्ही गुमान म्हणतो. लासलगावला ट्रॅक्टर लिलावात उभा करायचा. व्यापारी भाव पुकारतो. पटला नाही तर माल परत न्यायची मुभा आहे, कागदावर कुणीच जबरदस्ती करत नाही. पण परत नेऊन करायचं काय? डिझेल गेलं, दिवस गेला, उन्हाळ कांदा चाळीत सडायला लागलेला, उद्याचा भाव याहून खाली नसेल कशावरून? मग गुमान हिशोबपट्टी घ्यायची अन् घरची वाट धरायची. त्याला संमती म्हणा, नाहीतर काही म्हणा. घरी बायको विचारते, दिला का? ‘दिला.’ बस. तुमचा तो इंग्रजी शब्द म्हणजे हा ‘दिला’.

पेठरोड : दादा, लाखात एक बोललात. पण गुमान फारसी आहे. मूळ अर्थ शंका, अंदाज. हिंदीत त्याचा गर्व झाला, ‘किस बात का गुमान है’. मराठीत मात्र मान खाली घालून चालणं झालं. गर्वाचं एकदम शेपूट घालणं कसं झालं, कुणी सांगेल का?

शेवटचा बाक : सोपंय. ज्याचा गुमान उतरवला, तो गुमान चालतो.

जुनी मास्तरीण : हे कीर्तनात शोभेल. माझा अंदाज वेगळा आहे. आपल्याकडे ‘बेगुमान’ आहे. फारसीत बेगुमान म्हणजे निःशंक. मराठीत तो झाला कुणाची पर्वा न करणारा. लोकांनी मग ‘बे’ काढून टाकला आणि उरलेल्या ‘गुमान’ला उलटा अर्थ दिला: पर्वा करणारा, दबून असणारा. पुरावा मागू नका, पण मला पटतं.

संस्कृतप्रेमी : परकीय शब्दांवर इतका खल करण्यापेक्षा आपला ‘मूक’ वापरा. त्यावरूनच मुकाट आला. आणि हल्ली तर तेही राहिलं नाही, पोरं ‘ॲडजस्ट करून घेतलं’ म्हणतात.

शेवटचा बाक : बरोबरच म्हणतात. माझी बहीण लग्नानंतर वर्षभर काय करत होती ते एका शब्दात सांगायचं तर ‘ॲडजस्ट’. आईही ताईला फोनवर हेच सांगायची, जरा ॲडजस्ट कर. इंग्रजीत हा शब्द नळाच्या वायसरलाही चालत असेल, मराठीत तो सुनेलाच लागू पडतो. आता हा मराठी नाही म्हणणार तुम्ही?

संस्कृतप्रेमी : नाही म्हणणार. ‘जुळवून घेणे’ आहे की.

शेवटचा बाक : जुळवून दोघं घेतात. ॲडजस्ट एकच करतं.

गोदाकाठ : मंडळी, नाशिककर असून ‘मम’ विसरलात? रामकुंडावर रोज कानावर पडतं. गुरुजी सगळा संकल्प म्हणतात, यजमानाला तो येत नाही, मग गुरुजी सांगतात, ‘तुम्ही मम म्हणा.’ तोही म्हणतो, मम. कशाला हो म्हटलं त्याचं त्याला ठाऊक नसतं. घरात, कचेरीत, पक्षात, सगळीकडे हेच. साहेबांनी ठरवायचं, बाकीच्यांनी मम म्हणायचं.

जुनी मास्तरीण : मम छान आहे पण इथे बसत नाही. एक तर तो मोठ्यानं म्हणावा लागतो, न बोलण्याशी त्याचा संबंध नाही. दुसरं, मम म्हणणारा नाखूश नसतो, आळशी असतो.

गोदाकाठ : बाई, दक्षिणा द्यायच्या वेळी त्याचा चेहरा बघा, मग खूश की नाखूश ते बोलू. आणि होमात आहुती टाकल्यावर ‘न मम’ म्हणतात, हे माझं नाही. पत्करायचं तेव्हा मम, सोडायचं तेव्हा न मम. तुमच्या निमूटला असा जोडीदार आहे का?

वकील नव्हे, कारकून : मी तहसील कचेरीत आयुष्य काढलं. मूळ प्रश्नाबद्दल एकच सांगतो. ‘हरकत न घेता चालू दिला’ असं लिहा. फेरफाराची नोटीस निघते, १५ दिवसांत हरकत घ्या, नाहीतर काही म्हणणं नाही असं समजून पुढची कार्यवाही होते. तुमचं मन राजी होतं की नव्हतं, कोणी विचारत नाही. फक्त हरकत घेतली का, एवढंच बघतात. मामांनाही हे पटेल, कारण यात संमती कुणी दिली असं म्हटलेलंच नाही.

पेठरोड : हरकतही अरबीच बरं का, मूळ अर्थ हालचाल. म्हणजे हरकत न घेणं म्हणजे न हलणं. इंग्रजी शब्दाच्या लॅटिन मुळातही स्वस्थ राहणं, विसावणं असंच आहे.

संस्कृतप्रेमी : परत अरबी! मौनानुमतीला अडचण काय ते कुणी सांगितलं नाही अजून.

निफाडचा कांदा : उच्चारून दाखवा लिलावात. अडचण आपोआप कळेल.

सिडकोतला : मघापासून वाचतोय. निमूट सून, निमूट पोर, निमूट शेतकरी. कौतुकाच्या सुरात चाललंय सगळं. आमच्या आजोबांच्या पिढीलाही याच गावात निमूट राहायला सांगत होते. २ मार्च १९३०ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला तो निमूट न राहिल्यामुळेच. दादासाहेब गायकवाडांनी तो वर्षानुवर्षं लावून धरला, दार काही उघडलं नाही. तेव्हा पुढे १९३५ला बाबासाहेबांनी आपल्याच जिल्ह्यात, येवल्यात, धर्मांतराची घोषणा केली. शब्दाचा अर्थ बघताना तो कुणी कुणासाठी वापरला तेही बघा. आमच्या घरात ‘निमूट’ ही शिवी आहे. ‘निमूट बसला’ म्हणजे लाज सोडली.

जुनी मास्तरीण : हे कुठल्या कोशात सापडायचं नाही. लिहून ठेवते.

संस्कृतप्रेमी : शब्दचर्चेत राजकारण नको.

सिडकोतला : बरं. मुकाट बसू का?

गोदाकाठ : कसमादेकडची, म्हणजे कळवण-सटाणा-मालेगाव-देवळा भागातली, माझी आजी ‘उगामुगा’ म्हणायची. ‘उगामुगा रे, बाप झोपलाय.’ गप्प पण कुरकुरत, असा भाव. ‘उगी उगी’ म्हणत रडतं मूल थोपटतो तोच हा उगा. आणि मला वाटतं, मुगा म्हणजे मूक. प्रकटचं परगट होतं, तसं मूकचं मुगा. मग ‘मूग गिळून गप्प बसणं’ यात मूग नाहीतच! मूकपण गिळलंय. लोकांनी उगाच उसळ केली त्याची.

पेठरोड : अहो काका, मुगा नुसता जोडीला येतो. बारीकसारीक, आडवातिडवा, तसं उगामुगा. त्याला अर्थ शोधू नये. आणि तोंडात कोरडे मूग भरून बोलून बघा, म्हण कशी झाली ते कळेल.

गोदाकाठ : तोंडात भरून म्हणत नाहीत, गिळून म्हणतात. गिळले की तोंड रिकामं. मग गप्प कशाला बसेल?

पेठरोड : आमच्या रस्त्यानं सरळ गेलं की गुजरात. तिकडे स्पष्ट न बोलणाऱ्याला ‘मगनुं नाम मरी न पाडे’ म्हणतात, मुगाला मिरी म्हणायला तयार नाही असा. तिथेही मूगच. म्हणजे न बोलण्याचं आणि मुगाचं काहीतरी जुनं आहे.

गोदाकाठ : आणि त्याच गुजरातीत मुक्याला काय म्हणतात? मूंगुं! क चा ग झालाच की नाही? धान्याला मग, मुक्याला मूंगुं.

पेठरोड : तिथे दोन शब्द वेगळे राहिले, यावरून उलट माझंच खरं ठरतं.

शेवटचा बाक : कसं काय?

पेठरोड : जेवून येतो, मग सांगतो.