आयेल्ट्स लिसनिंग: स्पेलिंग सांगतात तेव्हा अक्षरं चुकतात, मदत हवी आहे

रानवारा
आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेतल्या लिसनिंगच्या, म्हणजे ऐकून उत्तरं लिहायच्या चाचणीच्या पहिल्या भागाबद्दल विचारायचंय. संभाषण कळतं, तारखा आणि रकमाही जमतात. पण आडनाव, रस्त्याचं नाव किंवा पोस्टकोड एकेक अक्षर करून सांगायला लागले की घोळ होतो. ए, ई, आय हमखास उलटेपालटे, जी आणि जे तसेच. एक अक्षर अडलं की पुढची दोन-तीन निसटतात, आणि रेकॉर्डिंग एकदाच ऐकवतात. 'इंग्रजी सिनेमे बघा' हा सल्ला सोडून काही असेल तर सांगा. परीक्षा संगणकावर आहे.

खडूफळा
सिनेमात कुणी स्पेलिंग सांगत बसत नाही, तेव्हा तो सल्ला इथे निरुपयोगीच.

तुम्ही दिलेल्या जोड्या बघता कान ठीक असावा, चूक हाताची आहे. मराठी नावं रोमनमध्ये लिहिताना आपण 'ए' या आवाजासाठी ई लिहितो, 'ई'साठी आय आणि 'ज'साठी जे. रोज मोबाइलवर तेच टाइप होतं. म्हणून गॅरेथचं स्पेलिंग 'जी-ए-आर-ई-टी-एच' असं नीट ऐकूनही कागदावर जे-ई-आर-आय-टी-एच उतरतं. 'सी' ऐकून एस लिहिणं हाही त्यातलाच प्रकार.

सराव असा करा. फोनमधल्या मजकूर वाचून दाखवणाऱ्या सोयीत आवाज ब्रिटिश इंग्रजी निवडा. फक्त ए, ई, आय ही तीन अक्षरं कशीही मिसळून, मध्ये स्वल्पविराम देऊन, दहा-दहाच्या ओळी तयार करा. न थांबवता ऐका आणि सरळ कॅपिटल अक्षरं लिहा. आधी देवनागरीत टिपून मग रोमन करायचं नाही, नाहीतर तीच जुनी सवय पक्की होते. दहापैकी दहा बरोबर यायला लागली की जी-जे मिसळा, मग सी-एस. खरी नावं त्यानंतर. सुरुवातीलाच नावं घेतली तर अर्धं स्पेलिंग अंदाजाने लिहिलं जातं आणि नेमकी चूक कुठे होते ते कळत नाही.

अडलेल्या अक्षराच्या जागी आडवी रेघ मारून पुढे जायचं. एक रिकामी जागा मागाहून भरता येते, तीन नाही.

आडवळण
वरचं पटलं. उच्चारांचं थोडं जोडतो, कारण काही अक्षरं शाळेत शिकलो तशी ऐकू येतच नाहीत.

आर: ब्रिटिश माणूस नुसतं लांब 'आ' म्हणतो. आपण 'आर'ची वाट बघत राहतो आणि अक्षर गळतं. झेड अमेरिकन उच्चारात 'झी' होतो, तो सीसारखा वाटतो. ऑस्ट्रेलियन 'ए' आपल्या कानाला 'आय'कडे झुकलेला लागतो. स्पेलिंगच्या आधी तोच माणूस 'टुडे', 'एट', 'नेम' असं काही बोललेला असतो, त्यावरून त्याचा ए कसा आहे ते हेरून ठेवा.

'डबल' ऐकलं की लगेच हात चालवू नका, पुढचं अक्षर येऊ द्या. 'डबल एल' म्हणजे दोन एल. 'डबल यू' मात्र डब्ल्यूच, दोन यू लागोपाठ असलेली नावं जवळपास नसतातच.

एम-एन हेडफोनवर खरोखरच सारखे वाटतात. तिथे नावांच्या शेपट्या ओळखीच्या असणं कामी येतं: -हॅम, -टन, -ली, -फर्ड, -बरी, -वर्थ, -सन, -मन. शेवटी एच-ए आलं तर पुढे बहुधा एम, आणि एम-ए आलं तर बहुधा एन.

दुरुस्तीचा सापळाही असतो. 'नो, सॉरी' किंवा 'इज दॅट विथ वन टी?' असं आलं की आधीचं उत्तर कच्चं समजा. स्पेलिंग संपलं म्हणून लगेच पुढच्या प्रश्नावर उडी मारू नका.

खडूफळा
पोस्टकोडसाठी एक उपयोगी गोष्ट. ब्रिटिश पोस्टकोडचे दोन तुकडे असतात आणि दुसरा नेहमी एक आकडा, मग दोन अक्षरं असाच असतो. म्हणजे दुसऱ्या तुकड्याच्या सुरुवातीला 'ओ' ऐकू आला तर तो शून्य. त्या शेवटच्या दोन अक्षरांत सी, आय, के, एम, ओ, व्ही कधी वापरत नाहीत. बी की व्ही? बी. एम की एन? एन. परीक्षेतला कोड काल्पनिक असू शकतो, त्यामुळे स्पष्ट ऐकलेलं खोडून हा नियम लावू नका, शंका असेल तिथेच लावा. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचे पोस्टकोड नुसते चार आकडी, तिथे अक्षरांचा प्रश्नच नाही.

रानवारा
हे फार कामाचं आहे, धन्यवाद दोघांनाही. आता शंका: संगणकावर थेट टाइप करू की आधी कागदावर लिहू? आणि एका सराव चाचणीत 'हेच' असं काहीतरी ऐकू आलं, ते एचच का?

आडवळण
हो, 'हेच' म्हणजे एच. आयरिश लोक तसं म्हणतात, इंग्लंड-ऑस्ट्रेलियातलेही बरेच.

कीबोर्डकडे न बघता टाइप करता येत असेल तरच थेट टाइप करा. कळ शोधायला मान खाली गेली की अक्षर गेलं. नसेल जमत तर मिळालेल्या कच्च्या कागदावर लिहा आणि तो भाग संपताच चौकटीत भरा. शेवटावर ढकलू नका: उत्तरं उतरवायची दहा मिनिटं कागदी परीक्षेत असतात, संगणकावर तपासायला फक्त दोन. कॅपिटल-स्मॉल कसंही चालतं.

खडूफळा
आणि 'रोड', 'ॲव्हेन्यू', वार, महिने यांचं स्पेलिंग कुणी सांगत नाही, ते आपल्यालाच यावं लागतं. वेन्सडे आणि फेब्रुवारी आजच लिहून बघा.