रोज कमरेला काय असतं आणि तेच का टिकलं? अनुभव लिहा

सोनचाफा
काल गराज आवरताना होल्स्टरांचा, म्हणजे पिस्तूल ठेवायच्या म्यानांचा, खोका हाती लागला. कायडेक्सची (कडक प्लास्टिकची) तीन-चार, चामड्याची, एक बेलीबँड (पोटाला बांधायचा पट्टा), एक खिशात ठेवायचं. नवरा म्हणाला, एवढ्या पैशांत आणखी एक पिस्तूल आलं असतं. मला मात्र टेक्सासातली सगळी वर्षं आठवली, म्हणून धागा काढतेय. इथे कॅरी करणारी, म्हणजे पिस्तूल जवळ बाळगणारी, बरीच मंडळी आहेत हे माहीत आहे, पण मराठीत यावर कोणी बोलत नाही.

सॅन अँटोनिओच्या बाहेर आमचं गॅस स्टेशन आणि दुकान आहे. रात्री शटर ओढून पैशांची पिशवी घेऊन गाडीपर्यंत जायचं, हे माझं काम. लपवून हत्यार बाळगायच्या परवान्याला तेव्हा सीएचएल म्हणायचे. सगळ्यांनी एकमुखाने सांगितलं म्हणून ग्लॉक १९ घेतलं. पिस्तुलात काहीही खोट नाही, १५ गोळ्या, रेंजवर हवं तिथे लागतं. पण भरलं की वजन साडेआठशे ग्रॅमच्या आसपास. मी उंचीला बेताची, दिवसभर काउंटरमागे उंच स्टुलावर. वाकून खालचं सामान काढलं की मूठ बरगडीत. हळूहळू ते घरच्या तिजोरीतच राहायला लागलं, आणि पार्किंगमध्ये त्याचा काय उपयोग?

मग स्मिथ अँड वेसनचं ६४२, पाच गोळ्यांचं .३८ रिव्हॉल्वर. घोडा आतच असल्यामुळे कपड्यात अडकत नाही, वजन चारशे ग्रॅमच्या घरात. जवळ आहे हे विसरायला होतं. पण इतकं हलकं हत्यार हातात जोरात लाथ मारतं, सरावाला जावंसंच वाटेना.

२०१८ मध्ये सिगचं पी ३६५ आलं, पुढच्या वर्षी मी घेतलं. मॅगझिनमध्ये १० अधिक नळीत १, मूठ माझ्या हातात मावते, कुर्त्याखाली दिसत नाही. त्यानंतर बदललं नाही. दर वर्षी नवीन काहीतरी येतं, मी दुकानात हातात घेऊन बघते आणि परत ठेवते. अंधारात कुर्ता कुठे धरायचा, अंगठा कुठे जातो, पहिला दाब कुठे लागतो हे हाताला पाठ झालंय, ते नव्या हत्यारासाठी परत शून्यापासून करायची माझी तयारी नाही.

तुमचं काय? कुठलं टिकलं?

काळीमिरी
शिकागोच्या उपनगरातून. इलिनॉय लपवून बाळगायला परवानगी देणारं शेवटचं राज्य, कायदा २०१३ चा. परवान्याला १६ तासांचं प्रशिक्षण. तेव्हा मी साठीला आलेलो.
संधिवातामुळे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, स्लाइड, ओढताना बोटं दगा देतात. दुकानातल्या मुलाने शील्ड ईझी पिस्तूल दाखवलं. नावाप्रमाणे ओढायला खरंच सोपं. मागे मुठीवर सेफ्टी आहे, ती नीट दाबली गेली पाहिजे, तेवढं शिकावं लागतं. थंडीत मात्र खरा प्रश्न हत्याराचा नाहीच. जानेवारीत अंगावर बनियन, शर्ट, स्वेटर, वर जाडजूड कोट, हातात मोजे. ते सगळं बाजूला करून हात पोचायला किती वेळ लागतो ते घरी रिकाम्या पिस्तुलावर करून बघा. मी थंडीत ६४२ कोटाच्या बाहेरच्या खिशात ठेवतो, खिशाच्या होल्स्टरमध्ये. त्या खिशात दुसरं काहीही नाही, किल्ली नाही, रुमाल नाही.

सोनचाफा
काका, म्हणजे दोन हत्यारं झाली की, ऋतूप्रमाणे :)

काळीमिरी
हो, पण दोनच. आणि रिव्हॉल्वर जुनं आहे, हाताला सवय आहे.

भर_दुपार
पर्समध्ये ठेवणाऱ्या कोणी आहेत का? मी अटलांटाला. ऑफिसचे कपडे असे असतात की कमरेला काही लावायची सोयच नाही. पर्सचा वेगळा कप्पा मिळतो ना तो बघतेय.

पाऊलवाट
मी शिकवतो, म्हणून स्पष्टच लिहितो. घरात लहान मूल असेल तर पर्समध्ये नको. २०१४ च्या डिसेंबरमध्ये आयडाहोत एका दुकानात दोन वर्षांच्या मुलाने आईच्या पर्समधलं पिस्तूल काढलं आणि त्यात ती आई गेली. तिची पर्स खास त्याच कामाची, चेनच्या कप्प्याची होती. पर्स आपण खुर्चीला अडकवतो, ट्रॉलीत ठेवतो, मैत्रिणीला धरायला देतो. अंगावरचं हत्यार अंगावर राहतं. बेलीबँड घ्या, पण आत चाप पूर्ण झाकणारं कडक कवच असलेलाच. नुसत्या इलॅस्टिकमध्ये खोचायचं नाही.

भर_दुपार
बापरे. माझी धाकटी तीन वर्षांची आहे. पर्स रद्द.

साधीभाकर
सलवार-कुर्त्यावर कसं करता गं? नाडीवर काही टिकतं का? मी प्रयत्न करायच्या आधीच विचारून घेतेय.

सोनचाफा
नाडीवर नाही टिकत. मी आत जीन्स किंवा पट्ट्याच्या लूप असलेली पँट घालते, वरून कुर्ता, पट्टा कडक. पट्टा मऊ असला की मूठ बाहेर कलते आणि कुर्त्यावर उठून दिसते. कुर्ता गडद, छापील, जरा सैल. पांढरा लिनन विसरून जा. साडी असेल त्या दिवशी बेलीबँड, पण पदर आणि निऱ्या सांभाळत हात पोचवायला वेळ लागतो हे धरून चालायचं.

साधीभाकर
थँक्यू. बाकी छापील कुर्ते कुठून घेतेस? इकडे ऑस्टिनला मिळतात ते दोन धुण्यांत विटतात.

सोनचाफा
बहीण पुण्याहून पाठवते, वेगळा निरोप करते तुला.

जर्सीवाला
आमच्याकडे न्यू जर्सीत सुप्रीम कोर्टाच्या २०२२ च्या ब्रुएन निकालाआधी साध्या माणसाला परवाना जवळजवळ मिळतच नव्हता, 'सबळ गरज' दाखवावी लागायची. निकाल आला आणि मी लगेच अर्ज केला. इथे मॅगझिनला १० गोळ्यांची मर्यादा, त्यामुळे मोठं पिस्तूल घेऊन वजन वाहण्यात अर्थ नव्हता. ग्लॉक ४३एक्स घेतलं, त्याचं मॅगझिन मुळातच १० चं. हॉलो पॉइंट (टोकाला पोकळ) गोळ्या घरात आणि रेंजवर चालतात, कॅरीला नाही, म्हणून टोकाला पॉलिमर भरलेल्या हॉर्नडी क्रिटिकल डिफेन्स वापरतो. दुसऱ्या राज्यातून इकडे येणाऱ्यांनी लक्षात ठेवा, टेक्सासचा परवाना न्यू जर्सी, न्यू यॉर्क, कॅलिफोर्निया इथे चालत नाही. गाडीत राहून गेलं म्हणालात तरी कोणी ऐकणार नाही.

कोकमआगळ
मी फक्त वाचतोय. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहे. बायको माझ्यावर अवलंबून, एच-४ वर. घरमालक शेजारीच राहतो, चांगला माणूस आहे, म्हणतो चल तुला घेऊन देतो. घेऊ का?

पाऊलवाट
नको! नॉन-इमिग्रंट व्हिसावर बंदूक बाळगणं हा केंद्राच्या कायद्याने गुन्हा आहे. अपवाद मोजके, त्यातला लोक सांगतात तो शिकारीच्या वैध परवान्याचा. त्या वाटेने जायचं तर आधी वकिलाला विचारा. शेजाऱ्याने तुमच्यासाठी स्वतःच्या नावावर घेणं तर त्याहून वाईट, तो सरळ खोटा फॉर्म भरणं होतं. ग्रीनकार्ड आलं की दुकानात जाऊन खरेदीचा ४४७३ फॉर्म स्वतः भरा.

कोकमआगळ
ग्रीनकार्ड. रांगेतली माझी तारीख, प्रायॉरिटी डेट, २०१३ ची आहे दादा.

काळीमिरी
अरे बाळा. आमच्या वेळी हे एवढं नव्हतं. धीर धर. कुत्रा पाळ, बाहेर चांगले दिवे लाव, दाराच्या चौकटीला लांब स्क्रू लाव. हे मी हत्यार असूनही केलंय.

जर्सीवाला
२०१३ वाल्यांचा वेगळा धागा काढा रे, मी येतो तिथे. माझा भाऊ त्याच रांगेत आहे.

विदर्भवासी
इकडे नागपूरकडून. आमचा सराफीचा धंदा, वडिलांपासून परवाना आहे. तुमच्यासारखी निवड करायची चैन इथे नाही. ९ एमएम हे प्रतिबंधित बोअर (नळीचं माप), आपल्याला मिळत नाही. .३२ चं कानपूरचं सहा गोळ्यांचं रिव्हॉल्वर वडिलांनी घेतलं, तेच मी वापरतो. २०१४ मध्ये निर्भीक नावाचं रिव्हॉल्वर आलं तेव्हा हलकं म्हणून घ्यावंसं वाटलं होतं, पण किंमत लाखाच्या वर, राहून गेलं. गोळ्या परवान्यावर लिहिलेल्या तेवढ्याच, त्यामुळे सराव जपून. आचारसंहिता लागली की ठाण्यात जमा, २०२४ मध्ये लोकसभेला एकदा, विधानसभेला परत. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीपासून एका माणसाला जास्तीत जास्त २ हत्यारं, परवाना मात्र ३ ऐवजी ५ वर्षांचा झाला.
वडील दर रविवारी ते उघडून तेलाचं फडकं फिरवायचे. मीही तेच करतो. चक्र फिरवताना जो टकटक आवाज येतो तो जरा मंद वाटला तरी लगेच कळतं, एवढं ते ओळखीचं आहे.

सोनचाफा
वडिलांचंच हत्यार वापरताय हे वाचून खूप बरं वाटलं. इथे माझ्या मुलाला २१ पूर्ण होतील तेव्हा ६४२ त्याला देईन म्हणते.

ह्यूस्टनची_सर
ह्यूस्टनचा दमटपणा विसरू नका कोणी! पोटाजवळ घाम, आणि स्लाइडवर तांबूस ठिपके. रोज रात्री पुसायचं. आणि कायडेक्सचे स्क्रू ढिले होतात, त्यांना निळं लॉकटाइट (स्क्रू धरून ठेवणारा गोंद). तेवढंच सांगायचं होतं, कुकरची शिट्टी होतेय.

भर_दुपार
देवळात काय करता? गणपतीला आमच्याकडे हजार माणूस असतं.

ह्यूस्टनची_सर
आमच्या देवळाच्या दारावर ३०.०६ ची पाटी आहे, म्हणजे परवाना असला तरी आत न्यायचं नाही. गाडीत सीटखाली केबलने बांधलेली छोटी तिजोरी आहे, त्यात. पण हे घरून निघतानाच ठरवा, पार्किंगमध्ये लोकांसमोर काढाघाल करू नका. जिथे पाटी नाही तिथे टेक्सासच्या कायद्याने चालतं, तरी मी नेत नाही. पुढे पोटावर लावून साष्टांग नमस्कार कसा घालणार? नाकापेक्षा मोती जड.

पश्चिमा
माझं मत वेगळं आहे, रागावू नका. डेन्व्हरला राहते, घरात बंदूक नको हा आमचा निर्णय. पण मुलगी मैत्रिणींकडे खेळायला जाते तेव्हा मी आईला थेट विचारते, घरात हत्यार आहे का, असेल तर कुलपात आहे का? मराठी घरांत विचारलं की लोक दुखावतात. तुम्ही सगळे इथे आहात म्हणून विचारते, दुखावलं जाण्यासारखं काय आहे यात?

सोनचाफा
काहीच नाही. उलट विचारायलाच हवं. माझ्याकडे कोणाचं मूल येणार असेल तर मीच आधी सांगते: एक माझ्या अंगावर, बाकी सगळी कुलपात, किल्ली माझ्याकडे.

पश्चिमा
बरं वाटलं गं. मनापासून.

पाऊलवाट
क्लासमध्ये वारंवार सांगतो ते इथे टाकतो, बाकी तुमचं चालू द्या.

टेक्सासच्या परवान्याची चाचणी ५० गोळ्यांची, ३, ७ आणि १५ यार्डांवरून, २५० पैकी १७५ गुण. त्यात होल्स्टरमधून काढायची परीक्षा नसते. आणि २०२१ च्या सप्टेंबरपासून २१ वर्षांवरच्या, कायद्याने बंदी नसलेल्या माणसाला परवान्याशिवायही बाळगता येतं, म्हणजे तेवढीही चाचणी न देता. त्यामुळे काढणं आणि परत ठेवणं हे स्वतःहून शिकायचं. परत ठेवताना घाई कशाला? शर्टाचं टोक किंवा जॅकेटची दोरी चापाजवळ गेली की गोळी मांडीत. मी विद्यार्थ्यांना सांगतो, सकाळी होल्स्टर टेबलावर ठेवा, पिस्तूल त्यात बसवा, मग दोन्ही मिळून कमरेला लावा. दिवसभर उगाच काढू नका.

दुसरं. रोज रात्री रिकामं करून सकाळी तीच गोळी परत नळीत भरणारे बरेच आहेत. ती गोळी नव्या गोळीशेजारी टेबलावर उभी करा आणि नजर त्या उंचीला आणून बघा. वापरलेली बुटकी दिसली तर शिसं आत ढकललं गेलंय, आतला दाब धोक्याइतका वाढू शकतो. ती बाजूला काढा, वापरू नका.

तिसरं, नवीन पिस्तूल घेतलं तर कॅरीच्या गोळ्या त्याच पिस्तुलातून, त्याच मॅगझिनमधून भरपूर झाडून बघितल्याशिवाय त्यावर विसंबायचं नाही. म्हणून सोनचाफांचं पटतं. दर वर्षी बदलणाऱ्याला हा खर्च दर वर्षी करावा लागतो, आणि बहुतेक जण करत नाहीत.

साधीभाकर
बुटक्या गोळीचं माहीतच नव्हतं. आत्ता जाऊन बघते.

साधीभाकर
बघितलं. एक आहे तशी. डोळ्यांना लगेच कळतंय.

पाऊलवाट
वेगळ्या डबीत ठेवा, वर लिहा, आणि रेंजवर त्यांच्या खराब गोळ्यांच्या डब्यात टाका. कचऱ्यात नको.

जर्सीवाला
घरचा सराव कसा करता? रेंज माझ्यापासून तासभर.

काळीमिरी
रात्री जेवणं झाली की मॅगझिन बाहेर, नळीत बोट घालून बघायचं, गोळ्या दुसऱ्या खोलीत, दार लावून. तळघराची काँक्रीटची भिंत, त्यावर बोराएवढा काळा ठिपका. हळू दाबायचं आणि पुढची मक्खी हलते का बघायचं. दहा मिनिटं पुरे. ही म्हणते जप करताय का.

विदर्भवासी
काका, मक्खी म्हणजे पुढचा साइट ना? आमच्याकडेही मक्खीच म्हणतात.

काळीमिरी
तोच. मी एनसीसीत शिकलो, साताऱ्याला.

ह्यूस्टनची_सर
काका, साताऱ्यात कुठले?? माझं माहेर राजवाड्याजवळ!

काळीमिरी
अगं मंगळवार पेठ! शाळा कुठली तुझी?