मदत हवी आहे: अर्काने झेब्राफिशचे एम्ब्रियो बिघडतात, शुद्ध टॉक्सिनने नाही

तळ्यावरच्या मायक्रोसिस्टिसच्या (विषारी सायनोबॅक्टेरिया) हिरव्या सायीचा अर्क (३ वेळा गोठवून-वितळवून गाळलेला) झेब्राफिशच्या ताज्या अंड्यांना २८ डिग्रीला देतेय. तिसऱ्या दिवशी हृदयाभोवती पाणी साचून फुगा दिसतो, शेपूट वाकलेली, आणि बरेच अजून कवचातच वळवळतायत, बघवत नाही. पण त्याचंच शुद्ध टॉक्सिन, मायक्रोसिस्टिन-एलआर, १०० मायक्रोग्रॅम प्रति लिटरपर्यंत दिलं तरी सगळे ठणठणीत.

पीएच, अमोनिया, ऑक्सिजन तपासलं, ठीक आहे. अर्क उकळूनही बघितला, परिणाम तसाच, पण मायक्रोसिस्टिन उकळून नष्ट होत नाही आणि एलपीएसही (बॅक्टेरियाच्या बाहेरच्या आवरणातला विषारी घटक) नाही, म्हणजे त्यातून काही कळलं नाही. मायक्रोसिस्टिनच्या एवढ्या मोठ्या रेणूला पेशीत शिरायला वाहक प्रथिनं लागतात, ती मुख्यतः यकृतात, आणि सुरुवातीला यकृतच नसतं, म्हणून शुद्ध टॉक्सिन आत जातच नसेल असं मला वाटतंय.

एलायझा (टॉक्सिन मोजायची अँटिबॉडी चाचणी) आहे, एलसी-एमएस (रेणू वेगळे करून ओळखणारं यंत्र) आणि मायक्रोइंजेक्शन (बारीक सुईने अंड्यात टोचणं) नाही, १२० तासांपुढे ठेवता येत नाही.

सी-१८ कार्ट्रिजमधून (मायक्रोसिस्टिनसारखे रेणू धरून ठेवणारी नळी) टॉक्सिन काढलेला अर्क कंट्रोल म्हणून चालेल का, की त्यात बाकीचंही बरंच अडकेल? की आधी प्रोनेजने (प्रथिनं पचवणारं एन्झाइम) कवच काढून शुद्ध टॉक्सिन परत देऊन बघू?