मदत हवी आहे: १९९१ चा कुवेतच्या तेलविहिरींचा धूर आणि बाबांचा दम, कुणाला अनुभव आहे का?

वैशाली_ऐरोली

नमस्कार मंडळी, विषय बाबांच्या तब्येतीचा आहे पण मागची हकीकत सांगितल्याशिवाय कळणार नाही म्हणून जरा लांबण लागेल, समजून घ्या.

बाबा आता ६९ वर्षांचे. आयटीआय फिटर, मूळ पोलादपूरकडचे, कुवेतला नोकरीला होते. २ ऑगस्ट १९९० ला इराकचं सैन्य घुसलं तेव्हा तिथेच अडकले, मग जॉर्डनच्या अम्मानवरून एअर इंडियाच्या विमानाने मुंबईला आले, तेव्हा लाखाच्या वर माणसं तशी आणली होती. इथे हाताला काम नाही आणि डोक्यावर कर्ज, त्यामुळे युद्ध संपल्यावर १९९१ च्या मे महिन्यात एका कॉन्ट्रॅक्टरने परत बोलावलं तर लगेच गेले. काम अहमदीजवळ, पाइपलाइन दुरुस्तीचं. ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी सांगते, इराकी सैन्याने माघार घेताना सहाशेच्या वर तेलविहिरी पेटवून दिल्या होत्या आणि शेवटची विहीर विझली ६ नोव्हेंबर १९९१ ला. बुरगानचं मोठं तेलक्षेत्र अहमदीला लागूनच. म्हणजे बाबांनी तो आख्खा उन्हाळा त्या धुराखाली काढलाय.

ते सांगतात की वारा फिरला की भर दुपारी गाडीचे लाइट लावायला लागायचे, आणि परत वारा फिरला की लख्ख ऊन. तोंडाला बांधायला ओला पंचा, दुसरं काही नाही. थुंकी काळी यायची. परत आले तेव्हा बॅगेतले शर्ट मी पाहिलेत, कॉलरवर आणि खांद्यावर मोहरीएवढे काळे चिकट ठिपके, आईने सोडा लावून घासले, रॉकेल लावून घासले, ठिपके तपकिरी झाले पण गेले नाहीत, शेवटी त्या शर्टांची पायपुसणी केली.

नंतर बाबा रबाळ्याला एका कंपनीत मेंटेनन्सला लागले आणि तिथूनच रिटायर झाले. विडी-सिगारेट आयुष्यात नाही. खोकला मात्र मला आठवतंय तेव्हापासून आहेच, आणि आता गेल्या काही वर्षांत दम लागायला लागलाय. आमची सिडकोची जुनी बिल्डिंग, तिसरा मजला, लिफ्ट नाही. प्रत्येक मजल्यावर कठडा धरून उभे राहतात आणि आम्हाला दिसू नये म्हणून मोबाइल काढून बघत बसतात. एक्सरे क्लिअर आहे. इनहेलर दिलाय, त्याने फारसा फरक नाही.

डॉक्टरांना कुवेतचं सांगितलं तर म्हणाले ते फार जुनं झालं, वय आहे आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातली हवा आहे, झालं. असेलही तसं, मी डॉक्टर नाही. पण केसपेपरवर एक ओळ लिहायला काय हरकत होती? अमेरिकेने त्या युद्धातल्या आपल्या सैनिकांची रजिस्ट्री ठेवलीय, २०२२ ला कायदा करून दमा, सायनस असे आजार सेवेमुळेच झाले असं धरून त्यांना भत्ते देतात. त्याच धुरात पाइप जोडणारा आपला फिटर कुणाच्याच वहीत नाही, याचा मला खरंच त्रास होतो.

तर मला विचारायचं आहे की त्या धुराने इतक्या वर्षांनी फुफ्फुसं अशी होऊ शकतात का, नक्की कुठल्या तपासण्या करून घेऊ, आणि नवी मुंबई-ठाण्यात ही जुनी हिस्टरी नीट ऐकून घेईल असं कुठे जाऊ? आणखी कुणाच्या घरी कुवेतहून आलेलं माणूस आहे का?

खाडीकिनारा

ताई, माझे काका पण त्याच विमानांनी आले होते, सालमियाला दुकानात होते. ते परत गेले नाहीत त्यामुळे धुराचं सांगता येत नाही. पण युनोच्या भरपाईचे पैसे त्यांना मिळाले होते, देश सोडावा लागला म्हणून. तुमच्या बाबांनी तेव्हा फॉर्म भरला होता का? बघा आता काही करता येतंय का.

मंदार_वाशी

@खाडीकिनारा, आता नाही होणार. ही भरपाई देणारा युनोचा आयोग जिनिव्हाला होता, १९९१ मध्येच स्थापन झाला, एकूण ५२ अब्ज डॉलरच्या वर वाटप केलं आणि शेवटचा हप्ता जानेवारी २०२२ मध्ये कुवेतला देऊन काम संपवलं. अर्ज घेणं तर त्याच्या कितीतरी आधी बंद झालं होतं. उगाच कुणी एजंट "क्लेम काढून देतो" म्हणाला तर एक रुपया देऊ नका.

सचिन_कळवा

त्या युद्धात सरीन हा विषारी वायू पण पसरला होता ना? गल्फ वॉर सिंड्रोम म्हणतात तो त्यामुळेच असं वाचलंय. बाबांना तेच असेल. रक्ताची टॉक्सिन टेस्ट करा आणि डिटॉक्स करून घ्या, आमच्या इकडे एक जण करतात, शरीरातले सगळे धातू बाहेर काढतात.

पीएफटी_लॅब

सचिनदादा, कृपया हे नको. मी चेस्टच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे, रोज असे पेशंट बघते म्हणून स्पष्ट लिहितेय. सरीनचा विषय खमिसियाचा, ते इराकमध्ये, तिथला शस्त्रसाठा अमेरिकन सैन्याने मार्च १९९१ मध्ये उडवला तेव्हा. वैशालीताईंचे बाबा मे महिन्यात कुवेतला पोचले. शिवाय गल्फ वॉरचा आजार म्हणजे थकवा, अंगदुखी, विसरभोळेपणा, झोप नसणं असं सगळं मिळून असतं. इथे तक्रार दम लागण्याची आहे, तर फुफ्फुसांकडेच बघू या. आणि १९९१ चा धूर आज रक्तात सापडेल अशी कुठलीही टेस्ट नाही. डिटॉक्सच्या नावाखाली सलाइनमधून औषधं देतात त्याने किडनीला धोका होतो, ६९ वर्षांच्या माणसाला तर अजिबात नको.

ताई, आता तुमच्या प्रश्नाचं. कुवेतच्या धुरावर जे अभ्यास झाले ते बहुतेक सैनिकांवरचे, आणि त्यांचं आपसात जमत नाही, कशात दम्याशी संबंध दिसला, कशात नाही दिसला. धूर गरम असल्यामुळे बराच वर उचलला जायचा त्यामुळे जमिनीवर विषारी वायू भीती होती तेवढे नव्हते, पण काजळीचे बारीक कण आणि वाळू भरपूर होती. म्हणून "शंभर टक्के धुरामुळेच" असं कुणी लिहून देणार नाही, आणि "संबंधच नाही" असंही कुणी छातीठोकपणे म्हणू नये.

एक्सरे क्लिअर यावर मात्र थांबू नका. इराक-अफगाणिस्तानातून आलेल्या अमेरिकन सैनिकांचा एक अभ्यास २०११ ला आला होता, दम लागतो पण तपासण्यांत काही सापडत नाही असे लोक. ४९ जणांच्या फुफ्फुसाचा तुकडा काढून तपासला (बायोप्सी) तर ३८ जणांच्या अगदी बारीक श्वासनलिका आकसून बंद होत आलेल्या निघाल्या. त्यातले बरेच जण २००३ मध्ये मोसुलजवळ गंधकाच्या खाणीला आग लागली तेव्हा तिथे होते. एक्सरे जवळजवळ सगळ्यांचे नॉर्मल. कुवेतचा धूर वेगळा, ते इथे जसंच्या तसं लावता येणार नाही, पण एक्सरेमध्ये काय दिसत नाही हे त्यातून कळतं.

तेव्हा पूर्ण पीएफटी (फुफ्फुसं किती काम करतात त्याची तपासणी) करा, डीएलसीओसकट. नुसत्या स्पायरोमेट्रीत हवा किती आणि किती जोरात बाहेर येते तेवढंच कळतं, डीएलसीओमध्ये फुफ्फुसातून रक्तात वायू किती जातो ते कळतं. एचआरसीटी (छातीचा बारकाईने काढलेला सीटी स्कॅन) करताना श्वास सोडल्यावरचे कट्स पण घ्यायला सांगा, हवा अडकत असेल तर ती त्यातच दिसते, आणि हे आधी सांगितलं नाही तर बऱ्याच सेंटरला घेतच नाहीत. सहा मिनिटं चालायला लावून ऑक्सिजन किती उतरतो तेही बघतात. बाबांना सांगा फुंकताना लाजायचं नाही, आम्ही "अजून अजून अजून" म्हणून ओरडतो ते रागावून नाही, शेवटची हवा बाहेर आली नाही तर रिपोर्ट चुकीचा येतो.

निलेश_ठाणे_पश्चिम

हिस्टरीबद्दल एक सुचवतो. तोंडी सांगितलं की डॉक्टर गर्दीत ऐकून सोडून देतात. एका कागदावर साल, गाव, काम, दिवसाचे किती तास उघड्यावर, मास्क होता की नाही, थुंकी काळी यायची, आणि त्याच कागदावर रबाळ्याचं पण सगळं लिहा, कुठल्या खात्यात, वेल्डिंगचा धूर होता का, ॲसबेस्टॉसचं लॅगिंग (गरम पाइपांवरचं आवरण) काढायचे का. ते लपवू नका. फिटर माणसाला जुन्या पाइपांवरच्या ॲसबेस्टॉसचा प्रश्न कुवेतपेक्षा मोठा असू शकतो. जुन्या पासपोर्टवरच्या शिक्क्यांची झेरॉक्स सोबत लावा. केईएमला चेस्ट मेडिसिनची ओपीडी आहे, सकाळी लवकर जायला लागतं, रांग असते, पण तिथे कामधंद्याबद्दल नीट विचारतात असा आमचा अनुभव आहे.

वैशाली_ऐरोली

सगळ्यांचे मनापासून आभार. कागद बाबांच्या शेजारी बसून लिहिला. जे घरात कधी बोलले नाहीत ते त्या निमित्ताने बोलले, खोलीत सांगलीचा एक आणि केरळचे दोघे होते, रात्री खोकल्याने कुणालाच झोप नसायची वगैरे. ॲसबेस्टॉसचं विचारलं तर म्हणाले हो, रबाळ्याला जुन्या स्टीम लाइनचं पांढरं लॅगिंग हाताने काढायचो. हे मला माहीतच नव्हतं.

केईएमला दाखवलं. तिथल्या मॅडमनी कागद पूर्ण वाचला आणि केसपेपरवर दोन्ही लिहिलं, १९९१ कुवेत तेलविहिरींचा धूर आणि ॲसबेस्टॉस. डीएलसीओ कमी आलाय. सीटीत श्वास सोडल्यावरच्या कट्समध्ये हवा अडकलेली दिसतेय, ॲसबेस्टॉसच्या खुणा नाहीत म्हणाल्या. इनहेलर बदललाय, फ्लू आणि न्यूमोनियाची लस दिलीय, श्वासाचे व्यायाम शिकवायला बोलावलंय.

आता बाबा म्हणतात बायोप्सी करून टाका म्हणजे एकदाचं कळेल कशामुळे झालं. मला भीती वाटते. काय करावं?

पीएफटी_लॅब

ताई, ही बायोप्सी म्हणजे भूल देऊन छातीचं ऑपरेशन, साधी सुई नाही. आणि नलिका आकसलेल्या दिसल्या तरी त्यावर "कुवेत" असं लिहिलेलं नसतं, त्यामुळे बाबांना जे उत्तर हवंय ते त्यातून मिळेलच असं नाही. मॅडमना एकच विचारा, रिपोर्ट काहीही आला तरी औषधं बदलणार आहेत का? नाही म्हणाल्या तर पुढच्या पीएफटीची तारीख घ्या आणि आकडे ताडून बघा. व्यायाम मात्र चुकवू देऊ नका, जिना चढताना त्यानेच फरक पडतो. आणि ते सांगलीचे काका अजून संपर्कात असतील तर त्यांनाही पीएफटी करायला सांगा.

वैशाली_ऐरोली

विचारते मॅडमना. सांगलीच्या काकांचा नंबर बाबांच्या जुन्या डायरीत आहे, लागतोय का बघते आणि इथेच कळवते.