मुलाला पुण्याच्या निवासी फुटबॉल अकादमीत पाठवू का? शनिवारपर्यंत कळवायचंय

रंकाळावेसकर: मदत हवी आहे. पोराची पुण्यातल्या एका निवासी अकादमीत निवड झाली. शनिवारपर्यंत पैसे भरा म्हणतात. बायको नको म्हणते, पोरगं दोन दिवस धड जेवलं नाही. पाठवू का? लवकर सांगा.

उजवा बॅक: वय? फी? कुठल्या जागेवर खेळतो? काहीच लिहिलं नाही, सांगायचं काय?

पेठेतला: कशाला पुणं? इथल्याच तालमीत घाला, आपल्या पेठांच्या तालमींचे फुटबॉल संघ आहेत की. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील-दिलबहार या तालमींच्या सामन्याच्या गर्दीत जो उभा राहिला, तो कुठंही खेळतो.

उजवा बॅक: ती गर्दी मोठ्यांच्या सामन्याला. लहान वयात बरोबरीच्या पोरांशी सामने हवेत. अनिकेत जाधव आपल्या कोल्हापूरचाच, 2017 ला 17 वर्षांखालचा वर्ल्डकप खेळला. तोही क्रीडा प्रबोधिनीत, म्हणजे सरकारच्या निवासी क्रीडा शाळेत, गेला होता.

पेठेतला: पायाला चेंडूची सवय इथंच लागली की!

खेळाडूची आई: रोज दोन अंडी आणि भिजवलेले हरभरे द्या. आणि टर्फवर, म्हणजे नकली गवतावर, लांब स्टडचे (खिळ्यांचे) बूट नकोत, गुडघे जातात.

रंकाळावेसकर: ताई, अंड्यांचं नंतर बघतो. वय 12, डावा विंगर, म्हणजे डाव्या कडेनं चढाई करतो. वर्षाला दोन लाख. डिसेंबरचा जन्म, अंगानं बारीक.

भाच्याचा मामा: डिसेंबरचा, हे आधी सांगायचं ओ! वयोगट जन्मवर्षावर धरतात. जानेवारीचं पोरगं त्याच्यापेक्षा अकरा महिन्यांनी मोठं, तेच आधी डोळ्यांत भरतं. बारीक असूनही खेळ बघून त्याला घेतलं असेल, तर चांगलंच आहे. पण सगळ्यांनाच घेतलंय का, ते विचारा. 13 वर्षांखालच्या लीगचे सामने वर्षाला किती? कोचकडे एएफसीचं (आशियाई फुटबॉल महासंघाचं) लायसन्स आहे का? सीआरएसवर (भारतीय फुटबॉल महासंघाच्या ऑनलाइन खेळाडू नोंदणीत) नोंद झाल्यावर सोडताना एनओसी (दुसऱ्या संघात जायला लागणारा ना हरकत दाखला) देणार, हे लिहून घ्या. माझ्या भाच्याची एनओसी एका अकादमीनं अडवली, अख्खा मोसम घरी बसला. नवी मुंबईच्या रिलायन्स फाउंडेशन यंग चॅम्प्समध्ये पूर्ण शिष्यवृत्ती असते, तिथली निवड चाचणीही द्या.

रंकाळावेसकर: आत्ताच फोन केला. सामने किती विचारलं, तर "सराव रोज असतो" म्हणाले. एनओसीचं विचारलं, तर साहेब मीटिंगला गेलेत. शनिवारी पैसे भरत नाही. पोराला अजून सांगितलं नाही; बूट धुऊन, आत पेपरचे बोळे घालून खिडकीत वाळत ठेवलेत त्यानं. प्रबोधिनीच्या चाचण्या कधी असतात, कुणाला माहीत आहे का?

उजवा बॅक: जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात सोमवारी स्वतः जा. जन्मदाखला न्या. मनगटाचा एक्स-रे काढून वय तपासतात, तेव्हा कागद चोख ठेवा.

पेठेतला: तोवर पोराला संध्याकाळी गांधी मैदानावर आणा. डावा पाय बघू तरी.