टायमर एकदाच वाजतो, मग सगळं गार

रात्रकिडा: दिवसा ऑफिसात बिलिंगचं सॉफ्टवेअर, रात्री जेवण झाल्यावर स्वतःचा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. (आई विचारते, कुठल्या पलटणीतला?) ३२ बिटी एक्स८६, क्यूएमूमध्ये (सॉफ्टवेअरमधलं नकली मशिन) चालवतो. पिक (सीपीयूला इंटरप्ट, म्हणजे 'हातातलं सोडून इकडे बघ' असे इशारे देणारी ८२५९ चिप) रीमॅप केलाय, म्हणजे त्याचे क्रमांक हेक्स (सोळा-आधारी) २० पासून सुरू केलेत. पीआयटीला (टायमर चिप) सेकंदाला १०० टिक सांगितलेत. 'अ' छापणारा एकच थ्रेड (स्वतंत्र चालणारं काम) होता तोवर कोपऱ्यातला टिक मोजणारा आकडा मस्त पळत होता. परवा 'ब' छापणारा दुसरा थ्रेड घातला. टायमरचा हँडलर (टिक आला की चालणारा कोड) शेड्युलरला (पाळी कोणाची ते ठरवणारा) बोलावतो, शेड्युलर स्टॅक (थ्रेड कुठवर आला त्याची नोंद) बदलून नव्या थ्रेडवर जातो. तेव्हापासून स्क्रीनवर नुसतं 'बबबबब', 'अ' परत येतच नाही. आकडा १ वर ठप्प. रीबूट होत नाही, फॉल्ट नाही. हँडलरच्या शेवटी ईओआय (पिकला 'हा इंटरप्ट संपला' सांगणारी ओळ) आहे, दहादा बघितलं. कुठे शोधू?

गंजलेलाखिळा: रीमॅप नक्की झालाय ना? नाहीतर आयआरक्यू ० (टायमरची लाइन) व्हेक्टर (इंटरप्टचा क्रमांक) ८ वर येतो आणि डबल फॉल्टचा (सीपीयूची गंभीर चूक, तिचाही क्रमांक ८) भास होतो.

रात्रकिडा: झालाय. लॉगमध्ये हेक्स २० दिसतो, पण एकदाच.

सोल्डरवाली: प्रिंट टाकत बसू नकोस. अडकलं की क्यूएमूच्या खिडकीत कंट्रोल-आल्ट-२ दाब, क्यूएमूचा मॉनिटर, म्हणजे मशिनच्या आत डोकावायची कमांडलाइन, उघडेल. तिथे 'इन्फो पिक' मार. खऱ्या मशिनवर हे बघायला आधी कोड लिहावा लागतो, इथे ताट वाढलेलं आहे.

रात्रकिडा: पिक० : आयआरआर=०१, आयएमआर=एफई, आयएसआर=०१.

सोल्डरवाली: सापडलं की! आयएसआर ०१, म्हणजे ८२५९ च्या लेखी पहिला टिक अजून संपलेलाच नाही. आयआरआर ०१, म्हणजे पुढचा दारात उभा आहे. आयएमआर एफई, म्हणजे फक्त टायमरची लाइन उघडी, ते ठीक. ईओआय हँडलरच्या शेवटी आहे खरा, पण नवा थ्रेड त्या शेवटाला जातो कुठे? तो थेट आपल्या फंक्शनच्या पहिल्या ओळीवर उतरतो. तुझी ईओआयची ओळ 'अ'च्या स्टॅकवर अडकून पडली. 'अ'ला उठवायला टिक हवा, टिक यायला ती ओळ हवी. ईओआय शेड्युलरच्या आधी टाक.

रात्रकिडा: टाकला. आता आयएसआर=००, पण आयआरआर=०१ तसाच. आणि अजूनही 'बबबब'. ताई, हे काय नवीन?

गंजलेलाखिळा: मॉनिटरवरच 'इन्फो रजिस्टर्स'. ईएफएल (सीपीयूचे फ्लॅग) किती?

रात्रकिडा: ००००००४६.

गंजलेलाखिळा: त्यात हेक्स २०० चा बिट नाही, म्हणजे आयएफ (इंटरप्ट घ्यायची परवानगी) बंद. इंटरप्ट गेटमधून (हँडलरकडे जायची वाट) आत शिरताना सीपीयू तो पुसतो. जुन्या थ्रेडला आयरेटवर (इंटरप्टमधून परतायची सूचना) परत मिळतो, तुझा 'ब' आयरेट करतच नाही. थ्रेडच्या पहिल्या ओळीत एसटीआय (आयएफ चालू करणारी सूचना) दे. या दोन चुका जोडीनेच येतात. मीही एक मारून दुसरीपाशी आठवडा घालवला होता.

रात्रकिडा: अअअअबबबबअअअअ!! आकडाही पळतोय. पावणेदोन वाजलेत, सकाळी स्टँडअपला डोळे उघडतील का देव जाणे. जोशात आयआरक्यू १ (कीबोर्डची लाइन) पण उघडला, तर कीबोर्ड एकच अक्षर घेऊन गप्प.

सोल्डरवाली: ईओआय दिलास?

रात्रकिडा: दिला.

सोल्डरवाली: मग पोर्ट हेक्स ६० (कीबोर्डचा बाइट तिथे येतो) वाचलाच नसशील. आधीचा बाइट उचलल्याशिवाय कीबोर्डचा कंट्रोलर पुढचा इंटरप्ट देत नाही. वाच आणि झोप.